कुंभारीला राहिलेली साइडकार

पोलिओच्या पायाला काही कळत नाही असं लोक धरून चालतात. साफ खोटं. चिमटा काढा, चटका बसू द्या, मुंगी चढू द्या, सगळं कळतं. फक्त पाय उचलून बाजूला घेता येत नाही. आमच्या चाळीतली पोरं माझ्या पायाला पेन्सिल टोचून बघायची आणि विचारायची, "लागलं का?" लागलं रे बाबांनो, पुढं चला. माझं जे काही बधिर झालं ते पायात नाही झालं. ते झालं आमच्या स्कूटरच्या दिवसांत, आणि कसं झालं तेवढंच इथं सांगते.

मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. आम्ही सोलापुरात गिरणीच्या चाळीत राहायचो. वडिलांना मी दादा म्हणायचे, ते गिरणीत जॉबर, म्हणजे खात्यातल्या कामगारांचे मुकादम होते. मी मॅट्रिक झाले आणि अध्यापिका विद्यालयात माझा नंबर लागला. दोन वर्षं काढली की मास्तरीण. ज्या मुलीचं पुढं काय होणार म्हणून सगळे नातेवाईक च्‌ च्‌ करायचे तिला स्वतःचा पगार मिळणार, एवढी ती गोष्ट मोठी होती. विद्यालयाच्या मोठ्या बाईंनी डॉक्टरचा दाखला बघितला, मला फळ्यासमोर उभं राहून दाखवायला लावलं, आणि म्हणाल्या, "घेते. पण हजेरीत सूट नाही. वसतिगृह माडीवर आहे, ते तुला जमायचं नाही. रोज यायची सोय काय ती तुमची तुम्ही बघा."

विद्यालय सात रस्त्याच्या पलीकडं. लहानपणी दादा मला खांद्यावर, मग सायकलच्या दांडीवर घालून न्यायचे. आता मी सोळा वर्षांची घोडी. एका पायाला कमरेपर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर, दुसरा पाय नावाला, काखेत दोन कुबड्या. रोज टांगा करायचा तर घरात चूल पेटली नसती. तेव्हा दादांनी स्कूटर घ्यायची ठरवली, साइडकारवाली. साइडकार म्हणजे स्कूटरच्या बाजूला जोडलेला, एका चाकाचा, पत्र्याचा पाळणा. आत नीट बसता येतं, पाय लांब करता येतात, कुबड्या शेजारी ठेवता येतात, आणि पडायची भीती नाही. राणीसारखी जाशील, असं आई म्हणाली. मी हसले, पण खरं म्हणजे मला ते फार आवडलं होतं.

नवीन स्कूटरला नंबर लावायचा तर माझी मुलं शाळेत गेली असती तोवर. गिरणीत स्टोअरकीपर म्हणून एक गृहस्थ होते, नुकतेच निवृत्त झालेले. दादा त्यांना आण्णा म्हणायचे. शेती कुंभारीला, अक्कलकोटच्या वाटेवर, तिकडं ते राहायला गेले होते. त्यांच्याकडं साइडकारवाली स्कूटर होती आणि ती त्यांना विकायची होती. का, तर "घरचं जरा दुखणं हाय." त्यापलीकडं ते बोलले नाहीत आणि दादांनी विचारलं नाही.

ते गाडी घेऊन आले ते नुसती स्कूटर घेऊन. मी उंबऱ्याशी पाट टाकून बसलेच होते बघायला. आधी माझं लक्ष गाडीच्या डाव्या अंगाला गेलं, तिथं साइडकार जोडायचे नुसते क्लॅम्प.

"साइडकारचं बूड कुजलंय," आण्णा म्हणाले. "पत्रा मारून, रंग देऊन आणतो. पंदरा दिसांत. पैसं समद्या गाडीचं घेतोय तर अर्धी कशी दीन?"

दादांच्या सोबत त्यांच्या खात्यातले एक जण होते, त्यांनी स्टॅम्पपेपर आणला होता. साइडकार पंधरा दिवसांत देणार असं लिहून घ्या म्हणाले. आण्णांनी स्टॅम्पपेपरकडं बघितलं. मग उठले, हातपाय धुऊन आले आणि आईला म्हणाले, "ताई, देवाम्होरलं बेलाचं पान आन् भंडारा द्या." आईनं सोमवारचं पान आणि चिमूटभर हळद त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती उचलून कपाळाला लावली. "पंदरा दिसांत साइडकार हितं आणून जोडून दिली न्हाय तर देव बगून घील."

आमच्याकडं बेलभंडारा उचलला की विषय संपला. दादांनी स्टॅम्पपेपरची घडी घातली आणि खिशात टाकली. वर कागद करायचा म्हणजे देवाला खोटं पाडायचं. ते सोबत आलेले गृहस्थ कागद वाया गेला म्हणून चुकचुकले. गाडीचे बाकी कागद दादांच्या नावावर रीतसर झाले, त्यात खोट नव्हती. मलाही त्या दिवशी काही वावगं वाटलं नाही. उलट अंगावर काटा आला होता, माझ्यासाठी कुणी बेलभंडारा उचलला म्हणून.

पंधरा दिवस गेले. साइडकार आली नाही. विद्यालय सुरू झालं. दादा स्कूटर शिकले, गिरणीच्या मैदानात दोनदा पडले, शिकले. मी म्हटलं, "कुंभारीला जाऊन विचारा की." दादा म्हणाले, "विचारायचं कसं? शपथ घेतलीय त्यांनी. विचारलं म्हंजे तुम्ही खोटं बोललाव असं तोंडावर म्हटल्यागत हुतंय."

आता बोला. फसवणारा घरी खुशाल, आणि विचारायची लाज आम्हाला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी दादांना नको ते बोलले. तुमचा देव तुम्हाला, माझी हजेरी कोण भरणार, असंही म्हणाले. दादा ऐकून घेत बसले. आई भाकरी थापत होती, तिनं थापणं थांबवलं नाही.

मागच्या सीटवर बसून बघू म्हणून एकदा निघालो. मी एका अंगाला बसले, दादांच्या शर्टाला धरून. पण पायात जोर नसला की माणूस बसल्या जागी घसरतं, हे ज्याचे पाय चांगले त्याला कळायचं नाही. पहिल्याच वळणावर मी घसरले आणि कोपर सोललं. आईनं सांगून टाकलं, पुन्हा मागं बसवायचं नाही. तिसऱ्या आठवड्यात विद्यालयाचं कार्ड आलं. सोमवारपर्यंत हजर झाले नाही तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. दादांनी कार्ड दोनदा वाचलं. रविवारी सकाळी ते म्हणाले, "चला कुंभारीला."

"मी येणार," मी म्हटलं. दादा एकटे गेले तर पाऊसपाण्याचं बोलून, चहा पिऊन परत येतील, हे मला पक्कं ठाऊक होतं. आई नको म्हणत होती. मी हट्टाला पेटले. शेवटी तिनंच ट्रंकेतून एक चादर काढली, आपल्या गिरणीतली, चौकटीची. ती माझ्या पाठीमागून घेऊन दादांच्या पोटावर दोन गाठी मारल्या. कुबड्या पुढं फळीवर दादांच्या पायाशी उभ्या. सोळा वर्षांची मुलगी बापाच्या पाठीला बांधलेली, आणि सगळी चाळ बघतेय. कुणीतरी "बोचकं चाललं" म्हणालं. मी मान फिरवली नाही. पण त्या गाठींनी मी हलले नाही, हेही खरं.

वाटभर मी काय बोलायचं ते जुळवत होते. आण्णांना चार लोकांत असं सुनवायचं की पुन्हा बेलाच्या पानाकडं बघताना हात कापले पाहिजेत.

कुंभारीत त्यांचं घर रस्त्याला लागूनच होतं. अंगणात कडुनिंब, आणि कडुनिंबाखाली साइडकार. चाक काढलेलं, खाली विटा रचलेल्या. आत उशा-गोधड्या कोंबून एक बाई बसवलेली होती. साठीची असेल. उजवं अंग लुळं, तोंड एका बाजूला ओढलेलं, मान उजवीकडं कललेली. आण्णांच्या पत्नी.

दादांनी गाडी थांबवली, गाठी सोडल्या, मला कुबड्या दिल्या. आण्णा घरात नव्हते, रानात गेले होते. मी कुबड्या टेकत त्या बाईंच्या समोर गेले. त्यांनी आधी माझ्या पायाकडं बघितलं. मग तोंडाकडं.

"कवापासनं?" त्यांनी विचारलं. शब्द तोंडात अडकत होते, पण कळत होते.

"दुसऱ्या वर्षापासनं."

"मला चैत्रापासनं." त्या पुन्हा माझ्या पायाकडं बघत म्हणाल्या, "खाज सुटली तर कुणाला सांगतीस गं?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. "आईला," मी म्हटलं. "आई नसली तर फूटपट्टी. लाकडी. पट्ट्यांच्या आत जाती."

"फूटपट्टी," त्या म्हणाल्या, लक्षात ठेवल्यासारखं.

तुम्हाला वाटेल मला दया आली. नाही आली. मी बघत होते की त्या जागेत माझे पाय मावतील की नाही. मावले असते.

आण्णा रानातून आले. आम्हाला बघून फाटकातच थबकले, मग पुढं आले, घोंगडं अंथरलं, कुणाला तरी हाक मारून चहा सांगितला. दादा म्हणाले, "तूर बरी दिसतीय यंदा." आण्णा म्हणाले, "बरी हाय." दादा म्हणाले, "पाऊस टायमाला आला." माझं डोकं तापलं. असं मूग गिळून बसायला इतक्या लांब बांधून घेऊन आलो होतो का आम्ही?

"साइडकार कधी देताय?" मी विचारलं.

त्या बाईंनी मान उचलायचा प्रयत्न केला. डावा हात साइडकारच्या काठावर घट्ट झाला. "ही?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "ही इकलीय व्हय तुमी?"

"न्हाय, न्हाय," आण्णा म्हणाले. बेलभंडारा उचललेला तोच हात त्यांनी हलवला. "ही कशाला इकू मी?"

मी दादांकडं बघितलं. माझ्या बाजूनं बोलायला जगात तो एकच माणूस होता आणि ही एकच वेळ होती.

"पोरगी दुसऱ्या गाडीचं म्हणतीय," दादा म्हणाले. "गिरणीतल्या एकाची घेतोय. तुमी चिंता करू नका वैनी."

बाईंचा हात सैल झाला. चहा आला. मी प्यायले नाही. आता मला राग यायला हवा होता. आठ दिवस पेटत होता तो. पण तेव्हा तो जिथं असायला हवा तिथं मी चाचपून बघितलं आणि काहीच नव्हतं. त्या दिवसापासून बराच काळ ते तसंच राहिलं.

निघताना आण्णा फाटकापर्यंत आले. "खुर्चीत बसवलं की पडती," ते खालच्या आवाजात म्हणाले. "बाजंवर तर नुसती आढ्याकडं बगत ऱ्हाती. एकदा सहज हिच्यात बसवली, न्हाय पडली. मला वाटलं पंदरा दिसांत उठंल." दादा माझ्या पाठीमागून चादर ओढून घेत होते. आण्णांनी विचारलं, "मला सोडवता का जॉबर? बेलभंडाऱ्यातनं?"

"मी कोण सोडवणार?" दादा म्हणाले. "शपथ देवाची हाय. मी मागत बी न्हाय आन् सोडत बी न्हाय. हुईल तवा द्या."

हुईल तवा. म्हणजे कधी, ते तिघांनाही कळलं. मी तर पाठीला बांधलेली होते, माझा कान दादांच्या खांद्याशी. गाडी सुरू झाली आणि आम्ही आलो.

सोमवारी मी विद्यालयात हजर झाले. तशीच, चादरीनं बांधून. दुसरी साइडकार करून घ्यायला हातात काही उरलं नव्हतं, आणि कुंभारीला जाऊन आलो म्हटल्यावर सात रस्ता काय लांब, असं दादाच म्हणाले. आईनं गाठी शिकून घेतल्या, कुठली आधी, कुठली नंतर. दिवसा मला न्यायला-आणायला मिळावं म्हणून दादांनी कायमची रात्रपाळी मागून घेतली. वर्षभराहून जास्त ते सकाळी यायचे, भाकरी खायचे, मला पाठीला बांधायचे. मी त्यांच्याशी त्या अंगणाबद्दल कधी बोलले नाही. ते लोकांसमोर माझ्या विरुद्ध खोटं बोलले होते, एवढं मनात होतं. राग म्हणून नव्हतं, नुसतं होतं. आणि रोज तासभर मी त्याच माणसाच्या पाठीला चिकटलेली. त्यांच्या मानेवर गिरणीतल्या कापसाचे तंतू असायचे, ते मी बघत राहायचे.

मुलींनी पहिले काही दिवस खिडकीत उभं राहून बघितलं. मग कंटाळल्या. सरावाचा पाठ घ्यायला उभी राहिले की मी चांगली शिकवायचे, ते त्यांना कळलं होतं. मला कशाचंच फार काही वाटायचं नाही, चांगलं म्हटलं तरी, बोचकं म्हटलं तरी. जाणवायचं ते फक्त पावसात, तेही अंगाला.

पाऊस असला की हाल व्हायचे. दादा पुढं असल्यानं ते भिजायचेच, आणि मी मागं चादरीत. चादर पाणी प्यायची आणि दिवसभर वर्गात माझी कंबर ओली. कॅलिपरचं चामडं भिजलं की आत कातडी सोलून निघायची. तेव्हा वर्गात बाकावर बसल्या बसल्या मी मनात म्हणायचे, कधी येणार ती साइडकार. एकदा नाही, पुष्कळदा. आणि मी काय मागतेय ते मला नीट कळत होतं. साइडकार रिकामी व्हायला काय व्हावं लागेल हे न कळायला मी काही लहान नव्हते. कळायचं, तरी म्हणायचे. त्याचं वाईट वाटतंय का, हेही बघायचे. वाटायचं नाही.

मंगळवारच्या बाजारात दादांना आण्णा कधीमधी भेटायचे. घरी आले की आई विचारायची, "कसं काय त्यांच्याकडं?" दादा म्हणायचे, "हाय तसंच." मी वहीतून मान वर करायचे नाही.

दुसऱ्या वर्षीचा पावसाळा अर्धा झाला होता. परीक्षेला अजून बरेच महिने होते. एका रविवारी दुपारी चाळीच्या तोंडाशी बैलगाडी थांबली. मी उंबऱ्यातच बसले होते. गाडीत साइडकार, चाक लावलेली, हिरवा रंग दिलेला, बूड नवीन पत्र्याचं. शेजारी आण्णा उतरले. टोपी हातात होती. डोक्याचा गुळगुळीत गोटा केलेला.

दादांनी आणि शेजारच्या दोघांनी साइडकार खाली घेतली. नट आवळायचे पाने आण्णांनी बरोबर आणले होते. खाली बसून त्यांनी स्वतःच्या हातांनी क्लॅम्प आवळले, चाकाचा तोल बघितला, पुन्हा आवळले. जोडून देईन म्हणाले होते, जोडून दिली. मग हात धुतले, खिशातून कागदाची पुडी काढली आणि दादांच्या हातावर ठेवली. आत वाळून चुरा झालेलं बेलाचं पान. दादांनी ते देव्हाऱ्यात नेऊन ठेवलं.

"पोरीला बसवून बगा की," आण्णा म्हणाले.

दादांनी मला उचलून आत ठेवलं. रंग नवा होता पण आतली गादी जुनीच होती, उजवीकडं दबलेली. मी उजवीकडं कलले, आपोआप. हात बाजूला गेला तर फटीत काहीतरी लागलं. ओढून काढलं. लाकडी फूटपट्टी होती, एक फुटाची, एक कड वापरून गुळगुळीत झालेली. आण्णांनी ती बघितली. "ऱ्हाऊ दे तुज्याकडं," ते म्हणाले. "लई उपेग झाला तिला."

उरलेलं सगळं वर्ष मी त्या साइडकारमधून गेले. पास झाले, नोकरी लागली, राणीसारखी नसली तरी कोरडी राहिले. फूटपट्टी अजून माझ्या कपाटात आहे. दादांशी त्या अंगणाचं शेवटपर्यंत बोलले नाही. ते त्या दिवशी का खोटं बोलले हे मला कधीच कळलं होतं, आणि त्यांच्या जागी मी असते तर खरं बोलले असते, हेही.

पण एक सांगायचं राहिलं. आण्णा बैलगाडीतून उतरले तेव्हा आई आत होती, दादा निजले होते. त्यांचं ते बोडकं डोकं चाळीत पहिल्यांदा मी बघितलं. डोकं बघितलं, साइडकार बघितली आणि मनात आलं, सुटले बाई, आता भिजायला नको. कुंभारीच्या त्या दिवसानंतर मला पहिल्यांदा काहीतरी वाटलं, ते हे. बरं वाटलं. मग मी आईला हाक मारली, म्हटलं पाहुणे आलेत, पाणी आण.